हात हलतो, हलू दे

पत्र :

"मी ४३ वर्षांची. लेक नववीत आहे, तिला नेमबाजीच्या क्लबला सोडायला जायचे. दीड तास बाकावर बसून कंटाळा यायचा. एक दिवस सरांनी गंमत म्हणून एअर पिस्तूल हातात दिलं आणि मी अडकलेच. आता चार महिने झाले. हात थरथरतो तो थांबतच नाही. छर्रे कायम डावीकडे खाली जातात. सर म्हणतात, ट्रिगर ओढू नका, दाबा. अहो, दाबतेच तर आहे! डावा डोळा मिटून धरला की डोकं दुखतं, त्यात चाळिशी लागलेली. स्वतःचं पिस्तूल घेतलं तर सुधारणा होईल का? सासूबाई म्हणतात, घरात बंदूक नको. या वयात हे जमणार आहे का, की लेकीचा डबा धरून बाकावरच बसू? सोबत परवाच्या टार्गेटचा फोटो पाठवते आहे."
– कराडहून एक आई

ताई,

बाकावर बसू नका. फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे आणि कार्डावर दुसरीच.

कार्डावर दहा भोकं आहेत. तीन नऊच्या आसपास. एक भरकटून पार चाराला गेलंय, ते सोडून द्या, तेव्हा कुणीतरी तुम्हाला हाक मारली असेल. उरलेली सहा मात्र खाली डावीकडे, सहा-सातच्या वर्तुळांत, एकमेकांना चिकटून आहेत. त्यांच्यावर दहा रुपयांचं नाणं ठेवलं तर सहाच्या सहा झाकली जातील. आता मला सांगा, दोष थरथरणाऱ्या हाताचा असता तर भोकं अशी एका जागी गोळा झाली असती का? थरथरीला दिशा नसते. तिच्यामुळे छर्रे चहूकडे विखुरले असते. सहा छर्रे एकाच कोपऱ्यात जातात याचा अर्थ शेवटच्या क्षणी तुम्ही दर वेळी एकच गोष्ट करता आहात, आणि ती हाताच्या थरथरण्यापेक्षा वेगळी आहे.

ती कोणती, ते सांगते. तुम्ही हात उचलता, पिस्तूल काळ्या गोलाखाली आणता, ते इकडेतिकडे हलत असतं. मध्येच एकदा ते बरोब्बर जागेवर येतं आणि मन ओरडतं, "आत्ता!" मग चालत्या एसटीत उडी मारून चढावं तसा तुम्ही तो क्षण पकडायला जाता. एकट्या बोटाला एवढी घाई जमत नाही, म्हणून अख्खी मूठ आवळली जाते. उजव्या हाताची मूठ अशी झटकन आवळली आणि मनगट सैल पडलं की नळी खाली आणि डावीकडे जाते. सर म्हणतात ते हेच. तुम्ही दाबता हेही खरं, फक्त बोटाबरोबर चार जणींना सोबत घेऊन दाबता.

ही घाई येते कुठून? तर "हात हलता कामा नये" या समजुतीतून. ताई, हात सगळ्यांचाच हलतो. एका हातात किलोभर वजन, हात सरळ लांब, कुठे टेकायला परवानगी नाही, मनगटाला आधार नाही. जिवंत माणसाचा हात यात स्थिर राहील कसा? जगातल्या पहिल्या दहांत असलेल्यांचाही हलतो. त्यांची हलण्याची जागा छोटी असते आणि त्यांनी ती मान्य केलेली असते, एवढाच फरक. जागा हळूहळू लहान होते, तिला दोन-तीन वर्षं लागतात. मान्य मात्र आजपासून करता येतं.

थोडा हिशेब करू. दहा मीटरवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, आणि तो रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटर सरकला तरी दहा गुण. तुमचा सगळाच्या सगळा हात, पिस्तुलासकट, पाच मिलिमीटर बाजूला गेला आणि साइट्स (नळीवरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) एकमेकींशी जुळलेल्या राहिल्या, तर छर्राही पाचच मिलिमीटर बाजूला जाईल. दहाच!

आता दुसरं बघा. पुढची साइट (आमच्या वेळचे लोक तिला माशी म्हणायचे) आणि मागची खाच यांच्यात साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असतं. हात जागेवर आहे, पण मनगट वाकलं आणि माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर एका बाजूला गेली. दहा मीटरवर त्या एकाचे एकतीस होतात. गुण सात. आणि माशी त्याच वेळी थोडी खालीही गेली असेल तर सहा. तुमच्या कार्डावरचा तो कोपरा मिळाला ना?

म्हणून चार महिने जिची काळजी केलीत ती थरथर तुमचे फार गुण खात नाही. मनगटातला तो एक मिलिमीटर खातो. आणि तो तुम्हाला दिसत नाही, कारण त्या क्षणी तुमची नजर माशीवर नसतेच. ती पुढे धावत टार्गेटवर गेलेली असते, भोक कुठे पडतंय ते बघायला. हे मी पैजेवर सांगते, कारण मीही तेच करायचे. आमच्या काळी कागदी कार्ड चक्री फिरवून जवळ आणावं लागे. मी प्रत्येक छर्ऱ्यामागे फिरवायचे. एक दिवस सरांनी चक्रीचा दांडाच काढून खिशात घातला आणि म्हणाले, "आता चाळीस मार, मग बघू." रडकुंडीला आले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी माशी नीट पाहिली.

ती कशी दिसायला हवी, ते लिहिते. खाचेच्या दोन काळ्या कडा, मध्ये माशीचा काळा चौकोनी खांब. तिघांचे माथे एका ओळीत, पट्टी ठेवल्यासारखे. खांबाच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन बारीक उभ्या फटी, दोन्ही सारख्या रुंद. माशीची वरची कड ब्लेडसारखी स्पष्ट, एखादा ओरखडा असेल तर तोही दिसावा इतकी. आणि टार्गेट? धुक्यातल्या सूर्यासारखा एक करडा गोळा. तो धूसरच दिसला पाहिजे. गोल स्पष्ट दिसायला लागला की समजा नजर पळाली. या गोळ्याच्या मध्यात नेम धरू नका, खालच्या पांढऱ्यात धरा. काळ्यावर काळी माशी हरवते, पांढऱ्यावर ती उठून दिसते. साइट त्या हिशेबाने जुळवून घ्यायची, सर करून देतील.

आता बोट. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर निदान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. हे किती होतं ते कळण्यासाठी अर्धा लिटर दुधाची पिशवी तर्जनीच्या पहिल्या पेरावर लटकवून पाहा. फार नाही, पण झटक्याने उचललीत तर पिशवी झुलते, सावकाश उचललीत तर सरळ वर येते. ट्रिगरचंही तसंच. तो दोन टप्प्यांचा असतो. आधी थोडा सैल प्रवास, मग भिंतीला टेकल्यासारखं वाटतं. हात टार्गेटच्या वरून खाली उतरतानाच पहिला टप्पा संपवा. भिंतीशी पोचलात की नजर माशीवर, आणि दाब सरळ मागे, एकसारखा, वाढत वाढत. कधी सुटायचं ते छर्ऱ्याला ठरवू द्या. सुटला की तुम्हालाच किंचित आश्चर्य वाटलं पाहिजे. सुटल्यावरही दोन सेकंद माशीकडेच बघत राहा, बोट दाबलेलंच ठेवा. लगेच हात खाली टाकणारी माणसं छर्रा सुटायच्या आधीच हात टाकायला लागतात, हे तुम्ही क्लबात कुणातही पाहू शकाल.

श्वासाबद्दल फार विचार करू नका. हात वर जाताना घ्या, उतरताना सोडा, जागेवर आलात की उरलेला राहू द्या. तिथून सहा ते आठ सेकंदांत छर्रा सुटायला हवा. नाही सुटला तर पिस्तूल खाली आणा, टेबलावर टेकवा. यात कमीपणा नाही. नवशिक्यांना वाटतं उचललं म्हणजे मारलंच पाहिजे. स्पर्धेत ६० छर्ऱ्यांना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एकेका छर्ऱ्याला सव्वा मिनिट. तीनदा उचलून तीनदा ठेवायला पुरेसा वेळ आहे. माझं तर मत असं की पहिल्या वर्षात छर्रा मारण्याइतकाच न मारण्याचाही सराव करावा. तो चाराचा छर्राही बहुतेक दहाव्या-बाराव्या सेकंदाला "जाऊ दे एकदाचा" म्हणत सोडलेला असणार.

डोळ्यांचं. डावा डोळा मिटू नका. एक डोळा मिटला की दुसऱ्याभोवतीचे स्नायूही आवळतात, डोकेदुखी त्याचीच. चष्म्याच्या किंवा शूटिंग फ्रेमच्या डाव्या बाजूला दुधी रंगाच्या प्लॅस्टिकचा छोटा तुकडा लावा. उजेड येईल, चित्र येणार नाही, दोन्ही डोळे उघडे. काळा कागद लावू नका, बाहुल्या लहानमोठ्या व्हायला बघतात. आणि एकदा तपासून घ्या की तुमचा मुख्य डोळा उजवाच आहे ना. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो मुख्य. डावा निघाला तरी घाबरू नका. रायफलला तो मोठा प्रश्न असतो, पिस्तुलात त्या दुधी तुकड्यावर बहुतेकांचं भागतं.

चाळिशीचा चष्मा मात्र रेंजवर उपयोगाचा नाही. तो पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला. तुमची माशी पुस्तकाहून लांब आणि टार्गेटहून कितीतरी जवळ. हात लांब करून डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर लेकीला टेपने मोजायला सांगा, तीन फुटांच्या अलीकडे-पलीकडे भरेल. तो आकडा घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि "मला या अंतरावरचं स्पष्ट दिसायला हवं" एवढंच सांगा. सहसा दूरच्या नंबरात अर्धा-पाऊण मिळवून काम होतं. फक्त उजव्या डोळ्याची काच. चाळिशीनंतर शिकणाऱ्यांचे निम्मे हाल या एका काचेने संपतात.

उभं राहण्याचं सर शिकवतीलच. एकच बघा : हात उचलून नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. पिस्तूल टार्गेटच्या उजवीकडे गेलेलं दिसलं तर हात ओढून आणू नका, मागचा पाय सरकवून अख्खं शरीर वळवा. मोकळा हात खिशात घाला किंवा पट्ट्यात अडकवा. लोंबकळत राहिला की तो खांद्याला खेळवतो.

आता खरेदी. थांबा, ताई. निदान सहा महिने. चांगलं परदेशी बनावटीचं स्पर्धेचं पिस्तूल लाखाच्या वर जातं आणि ते तुमची मूठ आवळायची सवय घालवणार नाही. क्लबच्या पिस्तुलाचा एक दोष मात्र खरा असू शकतो : ग्रिप, म्हणजे हातात धरायचा लाकडी दस्ता. ती बहुधा पुरुषाच्या पंजाच्या मापाची असते. तुमचं बोट ट्रिगरपर्यंत ताणून पोचत असेल तर ते सरळ मागे दाबू शकणार नाही, बाजूला ढकलेल. पहिल्या पेराचा मांसल भाग अलगद ट्रिगरवर बसतोय का पाहा. नसेल तर लहान मापाची ग्रिप मागा. स्वतःची ग्रिप घेतलीत की ती तासून, कानशीने घासून, पोकळ जागी एम-सील भरून हाताला बसवायची असते. रेंजवरची भारी भारी पिस्तुलं जवळून बघा, लाकडावर एम-सीलचे डाग आणि पॉलिश पेपरचे ओरखडे दिसतील. मी घाईने दुसऱ्याच्या मापाचं पिस्तूल घेतलं होतं, दोन वर्षं त्याच्याशी भांडले, शेवटी पडत्या भावात विकलं.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. कायद्याचं आधी सांगते : साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीच्या एअर गनला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल त्या ताकदीच्या निम्म्यालाही पोचत नाही. पॉइंट टू-टू पिस्तुलाचं वेगळं, ते खरं अग्निशस्त्र, त्याला परवाना लागतो. पण परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. हा छर्रा डोळा फोडू शकतो. घरात पिस्तूल आणलंत तर ते कुलपात, छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या कुलपात, किल्ली तुमच्याकडे. पाहुण्यांची मुलं आली की "दाखव ना" होतं, तेव्हा नाही म्हणायचं. प्रवासात पेटीबाहेर काढायचं नाही, खरेदीची पावती आणि क्लबचं ओळखपत्र जवळ ठेवायचं. आणि रेंजवर जे पहिल्या दिवशी घोकून घेतलं असेल ते घरीही तसंच : रिकामं आहे हे माहीत असलं तरी भरलेलंच समजायचं, नळी माणसाकडे कधीच नाही, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, ठेवताना नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण. एकदा सासूबाईंना रेंजवर घेऊन जा. "स्टॉप" म्हटल्यावर वीस जण एका झटक्यात पिस्तूल खाली ठेवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहू दे. हो, आणि छर्रे शिशाचे असतात. हात साबणाने धुतल्याशिवाय लेकीच्या डब्याला हात लावू नका.

पिस्तूल नसताना घरी काय? एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली. साधारण तेवढंच वजन. खांद्याच्या उंचीला आठ सेकंद धरा, अर्धा मिनिट विश्रांती, दहा वेळा. पहिला आठवडा पाचच वेळा करा. नंतर डाव्या हातानेही करा, नाहीतर पाठ एका बाजूला ओढली जाते. खांदा दुखला तर बंद. आपल्या वयात खांदा रुसला की महिना महिना बोलत नाही.

रेंजवर पुढचे चार आठवडे असं करा. सुरुवातीची वीस मिनिटं छर्ऱ्याशिवाय, कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर, नुसता ट्रिगर. याला ड्राय म्हणतात. पिस्तुलात ड्रायची सोय आहे का ते आधी विचारा, जुन्या स्प्रिंगच्या पिस्तुलात मोकळा बार काढला तर आतला भाग खराब होतो. समोर टार्गेट नाही, त्यामुळे नजर पळून जाईल कुठे? माशीवरच राहील. ट्रिगर सुटताना माशी टुणकन उडते की जागेवर राहते, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. पहिल्या दिवशी बहुतेक वेळा डावीकडे खाली उडेल. ओळख पटेल, "अगं बाई, हीच ती."

मग छर्रे. टार्गेट उलटं लावा, कोरी बाजू समोर. तिच्यावर गोल नाही, आकडे नाहीत. मध्यावर अंदाजाने दहा मारा. प्रत्येक छर्रा सुटल्यावर, कार्ड जवळ न आणता, वहीत एक टिंब काढा : सुटताना माशी कुठे होती. दहा झाले की चक्री फिरवा आणि वही शेजारी धरा. तुमची टिंबं आणि कागदावरची भोकं जुळायला लागली की समजायचं डोळा जागेवर आला. गुण त्यानंतर मोजू.

वयाचं राहिलं. तुमच्या शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ला इंडोनेशियातल्या पालेम्बांगला पिस्तुलात आशियाई सुवर्ण जिंकली तेव्हा शेवटी तिचे आणि प्रतिस्पर्धी खेळाडूचे ३४-३४ झाले होते. त्यानंतर शूट-ऑफ (बरोबरी फोडायची जादा फेरी), त्यातही बरोबरी, पुन्हा शूट-ऑफ. तेव्हा ती २७ वर्षांची. म्हणाल, मी तर ४३! पण या खेळात धावायचं नसतं, उडी मारायची नसते. उभं राहायचं असतं आणि घाई करायची नसते. तुम्ही ऑलिंपिकला जाणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र तुमच्या वयाच्या बायका उभ्या राहतात, आणि चांगले मारतात.

महिन्याने पुन्हा लिहा. सोबत उलट्या बाजूचं एक कार्ड आणि वहीचं तेच पान, दोन्हींचा फोटो. गुण कळवू नका. आणि ते चाराचं भोक पडलं तेव्हा हाक कुणी मारली होती, लेकीने का?